गाळायचं फडकं

"डबाच खराब आहे," राजदीपनं तिसऱ्यांदा सांगितलं. "काकानं जुना बसवला अन् नवा म्हणून सांगितला. दुसरं काही नाही."

फैज आपल्या लाल गाडीला टेकून उभा होता. सोबत त्याचे दोन दोस्त. घाटंजीचा आठवडी बाजार, त्यामुळे येणारेजाणारेही गॅरेजपुढे थांबत होते. आणि ज्यांच्याविषयी हे चाललं होतं ते पूनमसिंगकाका समोरच बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. निरोप गेला म्हणून सकाळच्या एस्टीनं यवतमाळहून आले होते. राजदीपला हातात पाना धरायला त्यांनीच शिकवलं.

"जुना?" काका एवढंच म्हणाले.

मी मागच्या दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होते. आमचं स्वयंपाकघर गॅरेजलाच लागून, त्यामुळे भाकरी थापता थापता मला गाड्या कळायला लागल्या होत्या. फैजच्या गाडीच्या डिक्कीत गॅसची निळी बाटली होती. शर्यतीत बटण दाबलं की तो गॅस इंजिनात जायचा आणि गाडी उधळायची. पण एकदम सोडला तर इंजिन फुटेल, म्हणून काकांनी तो डबा बसवला होता. डबा आधी तीस टक्के गॅस सोडायचा, मग वाढवत तीन सेकंदांत पूर्ण. गॅस वाढेल तसं जास्तीचं पेट्रोलही वाढायला हवं. त्याच्यासाठी डिक्कीत छोटी वेगळी टाकी होती, ती हातानं भरावी लागे.

"गावात कापसाले कोनी विचारून नाही राह्यलं, आन् हे गाडीले गॅस पाजून राह्यले," असं माझ्या सासूबाई, कांताबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

आठवड्यापासून ती गाडी तीस टक्के गॅसवर नीट चालायची आणि गॅस साठच्या वर गेला की ठसके द्यायची. राजदीपनं तीन दिवस वायरी तपासल्या. मग फोनवर काकांना नको ते बोलला.

मला मात्र कालपासून माहीत होतं.

पेट्रोल कॅनमधून टाकीत ओतताना राजदीप नरसाळ्यावर नेहमी धोतराचं फडकं धरतो. माझे सासरे बाबाराव गेल्यावर त्यांची धोतरं याच कामाला आली. जुनं धोतर धुऊन धुऊन असं होतं की त्याचा एक धागा सुटत नाही. पेटीत शेवटचा तुकडा उरला होता, लाल काठाचा. बाळाच्या मांड्या लाल झाल्या होत्या, दुकानातलं कापड तिला टोचायचं. मी त्या तुकड्याचे चार लंगोट शिवले. आणि जुनं काळं फडकं फाटलं तेव्हा गॅरेजातल्या खिळ्याला नव्या फ्लॅनेलच्या दुपट्याचा तुकडा अडकवला. पिवळा, माहेरून आलेला. स्वच्छ आहे, चांगला आहे, असंच वाटलं. राजदीपला सांगितलं नाही. कामाच्या घाईत त्यानंही पाहिलं नाही.

काल संध्याकाळी उरलेलं दुपटं पहिल्यांदा धुतलं, तर बादलीभर धाग्यांचा पिवळा भुसा तरंगला. माझे हात पाण्यातच राहिले.

सकाळी सांगते म्हटलं. सकाळी फैज आला, काका आले, बाजार आला. चार माणसांत नवऱ्याला खाली पाहावं लागेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. खाली तर मला पाहावं लागलं असतं.

"हे पाहा," राजदीपनं पेट्रोलचा पंप चालू करून दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे बोट दाखवलं. काटा हवा तिथं उभा होता. "दाब बरोबर आहे. मंग उरते काय? डबा."

काका उठले. "नळ बंद आहे न बाबू. बंद नळात कोनालेही दाब दिसते. धार सोडून पाय."

त्यांनी गॅसच्या बाटलीचा कॉक बंद केला, पेट्रोलची नळी इंजिनाकडून सोडवून एका रिकाम्या काचेच्या बाटलीत धरली. "बिड्या विझवा रे," गर्दीला म्हणाले. मग डबा हातानं चालवला. तीसला काटा जागेवर राहिला. चाळीस, पन्नास. काटा डुलला. साठच्या पुढे तो खाली बसत गेला आणि बाटलीतली धार सुतासारखी बारीक झाली.

राजदीपचं तोंड उतरलं.

काकांनी पेट्रोलच्या नळीवरचा व्हॉल्व्ह खोलला. आत बोटाच्या पेराएवढी जाळी होती. तिच्यावरून त्यांनी नखानं काहीतरी सोललं आणि तळहातावर घेतलं. ओली, पिवळी वात.

त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या खांद्यावरच्या बाळाकडे, तिच्या लंगोटाच्या लाल काठाकडे. बाबारावांबरोबर ते वीस वर्षं उठले-बसले होते. तो काठ त्यांना अनोळखी नव्हता.

त्यांनी मूठ मिटली.

"काय निघालं काका?" फैजनं विचारलं.

"कचरा. जाळी लयच बारीक लावली म्या. इकडं जिनिंगची रुई उडत राह्यते, ते ध्यानात घ्याले पायजे होतं. माहीच चूक."

"कापसाच्या जिल्ह्यात राहून कापूस इसरले काय?" एक दोस्त हसला. "वय झालं आता काकाचं."

"झालं न," काका म्हणाले.

मी तोंड उघडलं. बाळानं माझी वेणी ओढली, आणि मी तिची मूठ सोडवत बसले. एवढंसं निमित्त मला पुरलं.

काकांनी टाकी रिकामी केली, जाळी धुतली, आणि नवं पेट्रोल आपल्याच पिशवीतल्या जुन्या फडक्यातून गाळून भरलं. फैज गाडी पारव्याच्या रस्त्यावर नेऊन दहा मिनिटांनी परत आला, तो दात दाखवतच.

"आता माह्या दोस्ताईच्या दोन्ही गाड्या तुमच्याकडेच, राजदीपभाऊ. काकाले आराम करू द्या."

त्या गाड्यांना गॅस बसवायचं काम काकांना मिळायचं होतं. राजदीप पाने पुसत होता. "हो," म्हणाला. मान वर केली नाही.

काका जेवायला थांबले नाहीत. जाताना बाळाच्या गालाला तेलकट बोट लागू नये म्हणून मनगटानं हात लावला. "जपजो पोरी," म्हणाले.

गर्दी पांगल्यावर मी राजदीपजवळ गेले. "ते फडकं म्या बदललं होतं. धोतराचे लंगोट शिवले. काल कळलं मले. बोलली नाही."

त्यानं खिळ्यावरचा पिवळा तुकडा काढून हातात चुरगाळला.

"काकाच्या हातात पिवळं दिसलं, तवाच मलेही कळलं होतं," तो म्हणाला. "मी कुठं बोललो?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेज उघडलंच नाही. पहिल्या गाडीनं यवतमाळला गेला. जाताना फैजला निरोप ठेवला, की चूक आमच्या घरची होती, गाड्या काकांकडेच ने. फैजनं त्या गाड्या दोघांपैकी कोणाकडेच नेल्या नाहीत.

राजदीप दुपारी परत आला.

"भेटले?"

"भेटले."

"काय म्हनले?"

"जेवाले वाढलं." त्यानं माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. "हे बाळासाठी देलं. अन् उरलं तर गाळाले, म्हने."

आत त्यांचं धोतर होतं. धुतलेलं, घडी घातलेलं, विरत आलेलं. असं, की त्याचा एक धागा सुटणार नाही.

मी दोनदा कात्री घेऊन बसले. बाळ त्या पिवळ्या दुपट्यावरच झोपलं होतं. धोतर अजून पेटीत तसंच आहे.