व्यंकटच्या बायकोची चूल

शेषेरावाला पाहुण्यांशी वागायची रीत कधीच आली न्हाई. माझ्या नातीला, सिंधूला, त्यानं लेकासाठी मागणी घातली, बोलणी करायला आम्हाला नांदेडला बोलावलं, अन् दारातच म्हणतो, "अगोदर गिरणीचा बगीचा बघा." जसं काय आम्ही उमरीहून झाडं बघायला आलो.

नवी गिरणी झाल्यावर मालकानं जुन्या जागेत चमन केलं होतं. हौद, कण्हेरी, फरसबंद वाटा. मजुरांच्या घरांची एक ओळ चुना मारून तशीच ठेवली होती, हैद्राबादचे बडे लोक आले की दाखवायला. दाखवणारा शेषेराव. आधी तो तिथलाच मुकादम.

माझा लेक किशन हळूच म्हणाला, "आई, त्यानं तुला वळखलं न्हाई."

"बायांच्या तोंडाकडं कधी बघितलं त्यानं? मी नुसती व्यंकटची बायको."

शेवटच्या घरात शेषेराव थांबला. "बघा ताई, मजूर किती सुखात होते. चूलबी जशीच्या तशी ठेवलीय."

चूल माझीच होती. कडेला व्यंकटनं गोदागंगेतून आणून बसवलेला काळा दगड तसाच होता. व्यंकट गेला, दहावा झाला, अन् पहिल्यांदा चूल पेटवून मी किशनसाठी कण्या ठेवल्या. तेवढ्यात ह्या मुकादमानं घागरभर पाणी चुलीत ओतलं. म्हणाला, मजूर मेला, घर गिरणीचं.

मी पदर अजून पुढं ओढला. "मग तोंड गोड इथंच करू की. ह्याच चुलीवर शिरा होऊ द्या."

"हाव ताई, का न्हाई?" तो खूष झाला. त्याची बायको केवळाबाई फुंकून फुंकून बेजार झाली, पण चूल पेटली. रव्याचा खमंग वास सुटला. शेषेराव किशनला सांगून राहिला होता, "लग्नाची पंगत चमनमधीच बसवू. लोकांनी नाव काढलं पाहिजे."

"केवळाबाई, कढई उतरवा," मी म्हटलं. "अन्नाचा काही गुन्हा न्हाई."

तिनं उतरवली. मी कोपऱ्यातली घागर उचलली अन् सगळी चुलीत रिकामी केली. चुना मारलेलं घर राखेच्या धुरानं भरलं.

"ताई, हे काय करून राहिलात?"

मी पदर मागं सारला.

"नीट बघा, मुकादम. मी व्यंकटची बायको. मी निदान कढई उतरवू दिली, तुम्ही तेवढीबी सवड दिली नव्हती. तुमच्या घरात माझी नात चूल पेटवणार न्हाई. सोयरीक मोडली."