जानकीच्या पोटाचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या पंतनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत, जानकीच्या पोटाबद्दल प्रत्येकाला ठाम मत होतं. जानकीला आहे का, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. आणि का विचारावं? पोट तिचं असलं म्हणून काय झालं, अक्कल तर घरच्यांची होती ना!

जानकीचं वजन शंभरी ओलांडून पुढे बॅटिंग करत होतं. गुडघे बोलायला लागले होते आणि साखर औषधांना जुमानत नव्हती. म्हणून अंधेरीच्या डॉक्टर श्रुतिकांनी वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलं. त्या दिवशी केबिनमध्ये जानकी होती, तिचा नवरा चंद्रप्रकाश होता आणि मुलगी रुचिरा होती. रुचिरा दहावीत. नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली, त्यामुळे जगात आपण बोललो नाही तर काहीच व्हायचं नाही, असा तिचा ताजा ताजा समज होता.

डॉक्टरांनी टेबलावर प्लास्टिकचं पोट ठेवलं. चंद्रप्रकाशने ते उचलून भाजीवाल्याकडचा दुधी तपासावा तसं वाजवून पाहिलं.

"स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून कायमचा काढून टाकतो," डॉक्टर म्हणाल्या. "उरतं ते केळ्यासारखं. बायपासमध्ये वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करतो आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतो. शुगरसाठी ते जास्त चांगलं, पण व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर, आणि जास्त गोड खाल्लं की गरगरतं. तिसरा बलून. पोटात फुगा सोडायचा, सहा महिन्यांनी काढायचा. पण तुमच्या शुगरला त्याचा फारसा उपयोग नाही." मग त्या जानकीकडे वळल्या. "एक महत्त्वाचं सांगा. छातीत जळजळ होते? आंबट पाणी वर येतं? तसं असेल तर स्लीव्हने ते आणखी वाढू शकतं."

"छे छे छे!" चंद्रप्रकाश म्हणाला. "हिला? लोखंड पचवेल ही!"

जानकी गोड हसली. बायकोचं दुखणं नवऱ्याच्या तोंडून ऐकायची तिला सवय होती.

रुचिराने तोंड उघडलं. टेबलाखालून जानकीने तिच्या मांडीला असा चिमटा काढला की वक्तृत्वाचा पहिला नंबर जागच्या जागी गार. कारण रुचिराला माहीत होतं. आई दोन वर्षांत एकदाही आडवी झोपली नव्हती. बाहेरच्या खोलीत कपाटाला दोन गोधड्यांची घडी लावायची, तिला पाठ टेकायची आणि बसल्या बसल्या डोळे मिटायचे. आडवं झालं की छातीत चूल पेटायची. बाबांना सांगितलेलं कारण वेगळं होतं. काय, तर पंख्याखाली बरं वाटतं. बाबांनी ते मान्य केलं होतं, कारण त्यांना अख्खा पलंग मिळाला होता.

"सोमवारी या, काय ते ठरवून," डॉक्टर म्हणाल्या.

मेट्रोत रुचिराने आईला खिडकीशी गाठलं. बाबा दोन सीट पलीकडे फोनवर कुणाला तरी जठराची माहिती देत होते.

"आई, तू सांगितलं का नाहीस?"

"हळू बोल. सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, एवढं दुखणं आहे तर ऑपरेशनच नको. तुझी आत्या तर टपूनच बसलीय."

"आणि स्लीव्ह केलं आणि आग वाढली तर? मग काय उभ्याने झोपणारेस? घोड्यासारखी?"

जानकीने बाहेर बघितलं. "मला ऑपरेशन हवंय गं. कुठलं का असेना."

"कुठलं का असेना काय! वडापाव आहे का, लसणीची चटणी नाही तर नाही?"

"बघू," जानकी म्हणाली. आईच्या 'बघू'चा अर्थ रुचिराला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होता. बघणार कुणीच नाही.

शनिवारी बोरिवलीहून रुक्मिणीआत्या आली आणि घरात वैद्यकीय परिषद भरली. जानकी स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ थापत होती. साहजिकच आहे. जिचं पोट कापायचं, तिने परिषदेच्या पोटाची सोय नको का करायला?

चंद्रप्रकाशचं मत स्लीव्हला. पुरावा म्हणून त्याच्याकडे ऑफिसातला अंबादास होता. अंबादासने स्लीव्ह केलं आणि वर्षभरात त्याच्या जुन्या पँटीत दोन अंबादास मावायला लागले. तो फोटो चंद्रप्रकाशने दाखवून दाखवून फोनची काच झिजवली होती. "एक कट, काम खतम. आणि बायपास काय? आतड्याची वाट बदलायची! उद्या आतडं रस्ता चुकलं तर?"

रुक्मिणीआत्याचं मत बलूनला. "कापाकापी कशाला? फुगा बरा. सहा महिन्यांनी काढला की झाली पूर्वीसारखी. मे महिन्यात आमच्या सुयोगचं लग्न आहे. तिच्याशिवाय कोंबडी-वडे कोण करणार? आणि करणाऱ्याने चाखायला नको?"

"आत्या, म्हणजे सुयोगदादाच्या लग्नासाठी आईने वजन परत आणायचं?" रुचिरा म्हणाली. "आहेराच्या पाकिटात घालून?"

"हिची जीभ बघा! स्पर्धा काय जिंकली, कार्टी घरात माइक घेऊन फिरते." आत्याने पाचवा वडा उचलला. "आणि मी म्हणते, ते कापलेलं पोट टाकतात कुठे? देवनारच्या कचऱ्यात?"

आतून जानकीला ठसका लागला. तो हसण्याचा होता की आंबट पाण्याचा, हे फक्त रुचिराला कळलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण कधी कधी त्याच्या पोरीलाही कळतं.

वादाला तोड निघेना. शेवटी चंद्रप्रकाशने गुडघ्यावर थाप मारली. "देवाक विचारूया!" दारूच्या बाबतीत आणि देवाच्या बाबतीत त्याची मालवणी आपोआप बाहेर यायची.

गावी रवळनाथाच्या देवळात कौल लावायची पद्धत. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि पाकळी कुठली पडते ते बघतो. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. जमिनीच्या भांडणापासून विहीर कुठे खणायची इथपर्यंत सगळं त्याने सुटतं. चंद्रप्रकाशने गुणाजी गुरवाला व्हिडिओ कॉल लावला.

"उजवी पाकळी स्लीव्हला, डावी बायपासला," त्याने जाहीर केलं.

"आणि माझा फुगा?" आत्या उसळली.

"देवाला दोनच बाजू असतात ताई. फुगा कुठे चिकटवणार, नाकाला?"

उजवं अंग स्लीव्हलाच का, हे रुचिराच्या चांगलंच लक्षात आलं. उजवा कौल म्हणजे शुभ, देवाचा होकार. बाबांनी पेपर काढतानाच उत्तर फोडून ठेवलं होतं.

फोनच्या पडद्यावर गुणाजी आला. धोतर खोचलेलं, कपाळाला आठ्या, मागे रवळनाथाची मूर्ती. "बेगीन सांगा काय ता. माका नैवेद्याचा बघूचा आसा. आनि ह्या सिलीव म्हंजे काय? देवाक कळात अशा भाषेत सांगा."

मग पंतनगरात बसून रुचिराने बॅरिएट्रिक सर्जरीचं मालवणी भाषांतर केलं आणि तिकडे गुणाजीने हात जोडून सूर लावला:

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरा मुंबैक पोट भरूक गेली. पोट भरला ता भरला, आता जास्ती भरला! तर ह्या जानकीच्या पोटाची पिशवी कापून केळ्यावानी करूची, काय आतड्याक नवी वाट काढून देवची, ता तू सांग. डाक्टराच्या हाताक येस दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चंद्रप्रकाश ओरडला.

"व्हय म्हाराजा!" आत्या ओरडली, फुगा हरला होता तरी. सवयीचा परिणाम.

रुचिरानेही म्हटलं. खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

पाकळी पडली. पडद्याच्या उजव्या बाजूची.

"स्लीव्ह!" चंद्रप्रकाश वर्ल्ड कप जिंकल्यासारखा उठला. "देव म्हणजे देव!"

"बाबा, एक मिनिट," रुचिरा म्हणाली. "उजवी कुणाची? तुमची की देवाची? देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे ना?"

पिढ्यान्‌पिढ्या कौल मागत आलेल्या घराण्यातल्या चंद्रप्रकाशने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे आणि देवाच्या हाताकडे आळीपाळीने बघितलं.

"देवाचीच धरतत," गुणाजी म्हणाला. "ही देवाची डावी पडली."

"बायपास!" रुचिरा ओरडली.

"नाही, नाही." चंद्रप्रकाश खाली बसला. "असं कसं? परत लाव रे गुणाजी. तीनपैकी दोन धरू."

"मेल्या, ह्यो काय टॉस आसा?" गुणाजी असा भडकला की मागची घंटा हलायचीच बाकी राहिली. "देवाक तीनपैकी दोन सांगतंस? आनि थांब. जेच्या नावान गाराणा घातलंय, ती खंय आसा? तिचा 'व्हय म्हाराजा' माका ऐकाक इला नाय."

"ती वडे तळतेय," आत्या म्हणाली.

"मगे ह्यो कौल फुकट! जेचा गाराणा तेना हुंकार देवक व्हयो. इतक्या तुमका म्हायत नाय? मुंबैक जावन काय शिकलास?"

इतकी वर्षं गावी जाऊन प्रत्येक गाऱ्हाण्याला तारस्वरात हुंकार देणारं हे घर, आणि मूळ माणसालाच विसरलं! विसरलं तरी कसं म्हणायचं? विसरायला जानकी आधी लक्षात असायला हवी होती.

"आई, बाहेर ये," रुचिराने हाक मारली. मग ती आत गेली. जानकी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी होती. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी. कांदा कुठेच नव्हता.

"तू सांगतेस की मी सांगू?" रुचिरा म्हणाली. "मी सांगितलं तर भाषण होईल हं. शेवटी टाळ्या पण मागेन."

जानकीने हात पदराला पुसले. "नको. तुझं भाषण परवडायचं नाही."

ती बाहेर आली आणि तिने नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. नुसता घेतला. मागितला नाही.

"गुणाजीकाका, पाकळ्यो परत लावा. गाराणा मी घालतंय."

"तू?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"बा देवा म्हाराजा," जानकीने सुरुवात केली. आवाज आधी चिरकला, मग बसला, मग असा लागला की आत्याच्या हातातला वडा हातातच राहिला. "दोन वर्सा झाली, मी आडवी झोपाक नाय. झोपलंय की छातीत आग पेटता. कपाटाक टेकान बसतंय नि सकाळची वाट बघतंय. माज्या घोवाक वाटता, माका पंखो आवाडता."

चंद्रप्रकाशने पंख्याकडे पाहिलं. मग कपाटाकडे. तिथे घडी घातलेल्या दोन गोधड्या होत्या, रोज असायच्या तशाच.

"डाक्टरीण म्हणाली, अशान सिलीव केला तर आग वाढात. ता माका नको. माका बायपास व्हया. गोळ्यो जन्मभर खायन. गोड सोडीन. सुयोगच्या लग्नात वडे करीन, पन चाखूक दुसऱ्या कोनाक तरी बसवा. सोमवारी डाक्टरणीक माझा दुखणा मीच सांगीन. तुझी हरकत आसात तर आत्ताच पाकळी पाड, रे म्हाराजा!"

सगळे पडद्याकडे वाकले. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. गुणाजीचा आ वासलेला. एक क्षण, दोन क्षण, पाकळी हलेना. गुणाजीही हलेना. डोळ्यांची पापणीसुद्धा.

"अरे, नेटवर्क गेलं!" चंद्रप्रकाश कळवळला. "आता कसं कळणार?"

"मला कळलं," जानकी म्हणाली. तिने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. "व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" रुचिराने अशी आरोळी ठोकली की खालच्यांनी टीव्हीच बंद केला.

आत्याने वडा खाली ठेवला आणि तिनेही बारीक आवाजात तेच म्हटलं. चंद्रप्रकाशने मात्र ते म्हटलं नाही. तो उठला, कपाटाजवळ गेला आणि गोधड्यांच्या घडीला पाठ टेकून बसून बघायला लागला. दोन मिनिटांत त्याची मान अवघडली. त्या रात्री पलंग कुणाला मिळाला, यावर त्याने काही मत दिलं नाही. आडवं झाल्यावर छातीत जळत असेल तर पलंगाची उशाकडची बाजू विटांवर उचलतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं, म्हणून तो विटा शोधायला खाली गेला.

सोमवारी अंधेरीला डॉक्टर श्रुतिकांनी फाइल उघडली. "तर काय ठरलं? आणि जळजळीचं काही..."

चंद्रप्रकाशचं तोंड उघडलं. वीस वर्षांची सवय, अशी एका शनिवारात कुठे जाते? जानकीने त्याच्याकडे फक्त पाहिलं. तोंड मिटलं.

मग जानकी बोलायला लागली. गोधड्यांपासून सुरू केलं, आंबट पाण्यावर आली, गुडघ्यांवर गेली, परत छातीवर आली. रुचिरा मधे एक शब्द बोलली नाही, आणि हे तिला स्पर्धा जिंकण्यापेक्षा कितीतरी जड गेलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलंत? आता पहिल्यांदा दुर्बिणीने आतून तपासू. पण तुम्ही सांगताय तसंच निघालं, तर स्लीव्ह मी करणार नाही. बायपासच करू. चालेल?"

प्रश्न जानकीला होता. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आणि ती काही म्हणायच्या आत शेजारच्या खुर्चीतून, अगदी हळू, पण स्पष्ट आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

"तुम्हाला नाही विचारलं हो," जानकी म्हणाली, आणि डॉक्टरांकडे वळून मान डोलावली. "चालेल."