नागोजी म्हणे, बायको गेली

कानडी मुलखातल्या शिवाजीनगरात बँडवाल्यांच्या पँटी शिवणारे शिंपी पुष्कळ होते, पण पँटीबरोबर गिऱ्हाइकाचं दुःखही मापात घेणारा एकटा नागोजी. छावणीतल्या हॉटेलात वाजवणारा एक गिटारवाला त्याच्याकडे यायचा आणि माप देऊन झालं की ब्लूज म्हणायचा. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी ती. बायको गेली, काम गेलं, बाटली तेवढी उरली. नागोजीची बायको घरात होती, काम हातात होतं आणि बाटलीच्या नुसत्या वासाने त्याला मळमळायचं. तरी ती गाणी त्याला अशी लागली, की तो गिटार शिकला आणि चार वर्षांत मराठीत आठ ब्लूज रचून मोकळा झाला.

रेकॉर्ड काढायला कोणी तयार होईना. एका कंपनीने विचारलं, भजनं आहेत का. दुसरीने विचारलं, सिनेमा कुठला. शेवटी बासष्ट साली नागोजीने दुकानातलं दुसरं मशीन विकलं आणि मद्रासच्या एका कारखान्यातून स्वतःच्या हिमतीवर दोनशे रेकॉर्डी काढून आणल्या. नाव ठेवलं ‘एकच ताट’.

एवढं सगळं परदेशी करताना एक गोष्ट मात्र त्याच्या हातून घरची झाली. तो गावातल्याच चामराजपेटेच्या भजनात वाढलेला. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव नसलं, तर ते गाणं त्याला बटण नसलेल्या सदऱ्यासारखं उघडं वाटायचं. म्हणून आठही गाण्यांच्या शेवटी त्याने आपलं नाव घातलं.

रेकॉर्ड पहिल्यांदा वाजली ती तिथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये, अध्यक्ष अप्पासाहेबांच्या हस्ते. माणसं त्र्याऐंशी होती. त्यांतली ऐंशी उप्पिटासाठी आली होती, असं म्हटलं तर उरलेल्या तिघांवर अन्याय होईल, कारण तीही खाऊनच गेली. पहिली ओळ झाली आणि पुन्हा तीच ओळ आली, तेव्हा सुई अडकली असं समजून अप्पासाहेब उठले आणि त्यांनी ती पुढे ढकलली. नागोजीने घाईघाईने सांगितलं, की ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदाच म्हणतात. त्याची चुलती सकवारबाई म्हणाली, बरोबर आहे, माझी जाऊ तर पाचदा सांगते. मग गाणं पहिल्यापासून लागलं.

‘पाट मांडले दोन गं, ताट वाढलं एक,
पाट मांडले दोन गं, ताट वाढलं एक,
नागोजी म्हणे, गेली बायको, वळून तरी देख.’

बाकीच्या ब्याऐंशी माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे नागोजीची बायको रत्नाबाई उप्पिटाचा घास तोंडात घेऊन बसली होती.

भजनात शेवटी ज्याचं नाव, त्याचा अनुभव खरा, हा हिशेब समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. स्वतःचं नाव घालून खोटं कोण बोलेल? तेव्हा रत्नाबाई कधीतरी गेली होती, हे ठरलं. फक्त कधी, एवढंच शोधायचं राहिलं. सत्तावन्न साली ती तीन महिने कोलारला माहेरी होती. बाळंतपणाला, असं तेव्हा सांगितलं होतं. मूल समोर खेळत होतं, पण त्याला पुरावा मानायला कोणी तयार नव्हतं.

आठवड्यात साठ रेकॉर्डी खपल्या, त्याही ज्यांच्याकडे वाजवायला यंत्र नाही अशा घरांत. नागोजीला वाटलं, लोकांना ब्लूज कळायला लागला. त्याने कोणालाच काही खुलासा केला नाही.

खुलासा रत्नाबाईला लागत होता. गेली नऊ वर्षं चामराजपेटेत समाजातलं लग्न म्हटलं, की नवरीला पहिली हळद तिच्या हातची. विश्वासरावांच्या मुलीच्या लग्नात मात्र हळदीची वाटी तिच्यासमोरून गेली आणि गोजराबाईच्या हातात थांबली. या गोजराबाईचा नवरा तिच्याशी दसऱ्याला एकदा बोलतो, तेही सोनं देताना.

रत्नाबाई घरी आली. नागोजीने कला म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा ती म्हणाली, “कला तुमची आणि नाव माझं जातंय. रविवारी समाजापुढे उभे राहा आणि मी कधी गेले नाही म्हणून सांगा. नाहीतर पुढच्या मुहूर्ताच्या आत मी खरंच जाते.”

रविवारी नागोजी उभा राहिला. खोटारडा गवई म्हणून घरी जायचं की बायकोशिवाय, एवढाच प्रश्न होता.

“रत्ना एक दिवस गेलेली नाही,” तो म्हणाला. “बाळंतपणाला गेली, तीही मीच बसमध्ये बसवली. गाणी सगळी मनानेच रचलेली आहेत.”

दोन रेकॉर्डी घेतलेल्या विश्वासरावांनी विचारलं, परत घेणार का. अप्पासाहेबांनी निकाल दिला, ऐकून झालेली वस्तू परत होत नाही. गोजराबाई खाली बघू लागली. रत्नाबाईने पदर सारखा केला, आणि तेवढ्यात सकवारबाई बोलली.

“सरी, बरं. ही नव्हे. मग ती कोण?”

माना पुन्हा वळल्या, या वेळी नागोजीकडे. रत्नाबाईचा हात पदरावरच राहिला.

“कोणी नाही, अक्का.”

“आठ गाणी,” सकवारबाई म्हणाली, “आणि कोणी नाही?”

उरलेल्या सगळ्या रेकॉर्डी तीन दिवसांत संपल्या. हळदीची वाटी रत्नाबाईकडे परत आली, वर बायकांची सहानुभूतीही. घरात भांडण असं झालंच नाही. जेवण वेळेवर, चहा गरम. फक्त भात वाढताना ती रोज एकच विचारायची, नाव काय तिचं. नागोजीने मशीनवर हात ठेवून शपथ घेतली, गिटारवर घेतली. ती शांतपणे ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी भात वाढताना पुन्हा विचारायची.

नवव्या दिवशी तो थकला.

“कमळा,” तो म्हणाला. “तुमकूरची. लग्नाआधी एकदा पाहिली होती. मेली.”

“केव्हा?”

“बावन्न साली. काविळीने.”

“पोरंबाळं?”

“नव्हती.”

“बिचारी,” रत्नाबाई म्हणाली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या भातावर तूप पडलं. मग तुपाची वाटी हातातच धरून तिने विचारलं,

“दिसायला बरी होती का?”

नागोजीने भात कालवला, वाटीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओळ म्हणण्याआधी नीट विचार केला.

“स्वल्प,” तो म्हणाला.