सहा पावलांवरचा खांब

मित्रांनो, मोबाइलमध्ये डोके घालून चालणाऱ्यांच्या गुडघ्याला लागणारा, आणि म्हणून रोज दोन-चार शिव्या खाणारा मी एक जुना लोखंडी खांब आहे. उंचीने बुटका असलो तरी एके काळी माझा तोरा मोठा होता.

वेल्डरने पाण्याच्या एका जुन्या पाइपाचे चार तुकडे केले आणि आम्ही चार भाऊ जन्माला आलो. दवाखान्याच्या रस्त्यावर मोटारी फुटपाथवर चढून बसत आणि माणसे रस्त्यावरून चालत. सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांची म्हातारी आई चाकाच्या खुर्चीतून रोज व्यायामासाठी दवाखान्यात जाई. एकदा बसचा आरसा तिच्या कानाजवळून गेला, तेव्हा काकांनी नगरपालिकेकडे अर्ज केला.

इंजिनिअर बाई टेप घेऊन आल्या. मोटारच काय, स्कूटरही आत शिरता कामा नये, म्हणून त्यांनी स्कूटरच्या हँडलची रुंदी मोजली आणि त्याहून चार बोटे कमी अंतरावर आम्हाला फुटपाथवर ओळीने रोवले. पहिल्या दिवशी आमचे काय कौतुक! मी छाती काढून उभा होतो. इतक्यात आजींची खुर्ची आली आणि नेमकी माझ्यापाशी अडकली.

"अरे, गाड्या अडवायच्या होत्या की मला?" आजी म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजींना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले, तेही माझ्यामुळे.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी कुणाच्या डोक्यावर खापर फोडले नाही. त्या स्वतः खुर्चीत बसल्या, चाके ढकलली आणि माझ्यावर बोटांची सालटी काढून घेतली.

"चुकलं माझं. स्कूटर मोजली, माणूस मोजायचं राहिलं. हा मधला काढा आणि बाकीचे जरा सरकवा."

"शिरली एखादी स्कूटर, तर मी बघते तिच्याकडे," आजी म्हणाल्या.

म्हणजे मी आता भंगारात! पण काका पुढे झाले. "बाई, हा मला द्या. दुकानासमोर एका मोटारीच्या जागेत आठ सायकली मावतील. बांधायला काहीतरी हवंच ना?" बाईंनी मान डोलावली. दवाखान्याच्या दारातली एक जागा मात्र त्यांनी मोटारीलाच ठेवली. ज्यांना चालवत नाही, त्यांनी यायचे कसे?

वेल्डरने मला कडी लावून दिली. चुकीच्या जागी उभा राहूनही मला दुसरी जागा मिळाली, हे उपकार मी विसरलेलो नाही.

आणि एका सकाळी आजी खुर्चीतून उठल्या. दुकानाच्या दारापासून माझ्यापर्यंत सहा पावले आहेत. ती चालून त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकला आणि दम खाल्ला. आता रोज टेकतात. माझा पिवळा रंग नेमका तेवढ्याच जागी उडाला आहे.

मित्रांनो, मोटारीने या, सायकलने या, चालत या. पण गाडी लावून उतरलात की एकदा मागे वळून बघा. गाडी लावलीत तिथूनच एखादी आजी सहा पावले चालायला निघाली असेल.