अर्धे अंगण

मासेक गाये हे माझे पणजोबा, बिराहिम गाये आजोबा आणि आलियून गाये वडील. ही नावे चारचौघांत माझ्या तोंडून कधी निघाली नाहीत. ती उच्चारण्याचा मान आमच्या भाट घराण्याचा, सांबांचा. आम्ही कानात सांगावे आणि त्यांनी ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे, ही आमच्या समुद्रकाठच्या न्दार शहराची रीत आहे. मोठ्या घरची बाई आवाज चढवत नाही. मी नावा चालवल्या, मुली उजवल्या, दोन जावयांना दारातून परत पाठवले; पण आवाज चढवून नव्हे.

पणजोबांच्या काळी समुद्राने आमचे अंगण खाल्ले. नावा ओढून ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा न्देला सांब या विधवेने आपले अर्धे अंगण त्यांना दिले. पणजोबांनी मशिदीपुढे शब्द दिला: जमिनीच्या बदली जमीन, आणि तीही गायेंच्याच हातून. शब्द देणे सोपे होते. आमची वस्ती म्हणजे नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी; तिथे दोन घरांच्या मधून जाताना शेळीचे पोट घासते. देण्याजोगी जमीन कोणाला मिळाली नाही. पणजोबा गेले, आजोबा गेले, वडील गेले, आणि प्रत्येकाने जाताना तोच शब्द पुढच्याच्या ओंजळीत ठेवला. माझ्या हयातीत तर समुद्राने सांबांचे अर्धे अंगण नेले, आमचे नेले आणि मधली भिंतही नेली.

आता आम्ही सारे शहराच्या आत, दूरवर, सरकारी वसाहतीत राहतो. एका मापाच्या खोल्या, पत्र्याची छपरे. मुलगे बसने समुद्रावर जातात, आणि मासा आमच्या चुलीपर्यंत येतो तो रस्त्याची धूळ घेऊन. जन्मभर कानाशी बसलेली लाट इथे नाही. बोलता बोलता मी थांबते, ती ओसरण्याची वाट पाहते, मग ध्यानात येते की वाट पाहण्यासारखे काही नाही.

न्देलाची पणती सोखना माझ्या शेजारच्याच खोलीत राहते. वयाने माझ्याएवढी, जिभेने माझ्यापेक्षा तरुण.

“इथे आवाज लावायचा तरी कशावर?” ती कुरकुरते. “समुद्र असला की त्याच्या वर चढवायचा. इथे तोंड उघडलं की शेळ्या पळतात.”

“तिथे आमचे पाहुणे पळायचे.”

“ते माझ्या गाण्याने नव्हे, गाये. तुझ्या भाताने.”

भाटिणीला हे बोलण्याचा हक्क आहे. इतर कोणी बोलून पाहावे.

आमच्या शहरात परदेशी लोक फार येतात. दूरदेशी हवामानाच्या सभा भरतात, तेव्हा म्हणे पडद्यावर न्दारच्या पडक्या भिंती दाखवतात. माझ्या स्वयंपाकघराची उरलेली भिंत अशी कितीतरी शहरे फिरून आली, जी मी पाहिली नाहीत. यंदा मात्र सभाच आमच्याकडे भरायची ठरली, आणि नगर कचेरीतले थियाम नावाचे अधिकारी घाम पुसत माझ्या दारात आले.

“याये,” ते म्हणाले; आमच्याकडे आईला अशी हाक मारतात. “तुम्ही बोलायचं. सगळ्या जगाचे लोक असतील.”

“मी बोलत नाही. मी सोखनाला सांगते, ती बोलते.”

“अहो, पण वेळ थोडा आहे. सोखनाबाई एकदा सुरू झाल्या की...”

“तुझ्या बारशाला ती सुरू झाली होती, तेव्हा तुझा बाप रडला होता आनंदाने. बस खाली. चहा घे.”

चहा घेता घेता त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पुलाच्या अलीकडे, नदीच्या काठावर, नमुन्याचे एक घर बांधून झाले होते. विस्थापितांमधली सर्वांत वडीलधारी म्हणून त्याची किल्ली, जागेच्या कागदासकट, सभेत मला मिळणार होती.

घर पाहायला मी सोखनाला घेऊन गेले. गच्चीवर चढलो. समोर नदी, नदीपलीकडे आमची वाळूची पट्टी, नावांची रंगवलेली नाके. आणि वारा फिरला तेव्हा त्या सर्वांच्या पलीकडून तो आवाज आला. मी कठडा धरला. गाये घराण्यातली बाई उघड्यावर डोळे पुसत नाही, म्हणून वाऱ्यानेच ते काम केले. वळून पाहिले तर सोखना डोळे मिटून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती लाटेवर सूर जुळवून पाहत होती.

“मोठी भाग्याची आहेस, गाये,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते.

ते घर मला हवे होते, हे इथे स्वच्छ सांगते. आयुष्यात इतके काही हवेसे वाटले नव्हते. आणि गायेंच्या हाती जमीन म्हणून यापुढे दुसरे काही यायचे नव्हते, हेही मला तिथेच कळले.

सभागृहात पाहुण्यांनी कानाला यंत्रे लावली होती. मी निळा बूबू, आमचा सणाचा पायघोळ झगा, घालून बसले, सोखना माझ्या उजवीकडे उभी. मी तिच्या कानात म्हणाले, “समुद्र घरात आला.” ती गरजली, “मासेक गायेंची पणती, जिच्या घरच्या नावांना लाटा वाट देत, ती म्हणते की समुद्र आगंतुकासारखा आला आणि यजमानासारखा राहिला!” काचेमागचे दुभाषी धापा टाकू लागले. थियाम घड्याळ पाहत होते.

किल्ली हाती आली. मी सोखनाच्या कानात म्हणाले, “न्देला सांबच्या अंगणाच्या बदल्यात हे घर मी तिच्या पणतीला देते.”

तिने सभेकडे पाठ केली.

“बोल,” मी म्हणाले.

“नाही बोलणार,” ती पुटपुटली. “स्वतःच्या घरची गोष्ट भाटिणीने स्वतः सांगायची नसते. लाज आणू नकोस मला. आणि वेडी झालीस का? तुला लाट ऐकू येते तिथून.”

“तुलाही येते.”

सभागृह थांबले होते. दुभाष्यांकडे भाषांतर करायला काहीच नव्हते. पुढच्या रांगेतल्या पिकल्या केसांच्या एका परदेशी बाईंनी काळजीने विचारले, “यांची तब्येत बरी नाही का?”

मी उभी राहिले, आणि आवाज चढवला. तो माझा मलाच ओळखू आला नाही. न्देला सांब हे नाव मी भर सभेत घेतले, मग तिच्या लेकीचे, दाबाचे, मग नातीचे, पेंदाचे. कोणी किती जमीन दिली आणि कोणी घेतली, ते सांगितले. “जमीन घेणाऱ्याला परत करावी लागते,” मी म्हणाले. “आम्हाला उशीर झाला. आपण सारे मोठ्या देशांतून आला आहात. आपला हिशेब आपण पाहा.” आणि किल्ली सोखनाच्या हातात ठेवली.

थियाम धावत आले. “याये, कागदावर अरामे गाये हे तुमचं नाव आहे!”

“म्हणूनच देता आलं. दुसऱ्याचं मी कशाला देईन? कागद बदल.”

आमच्या वस्तीचे इमाम मागच्या रांगेत होते. ते उठले, मोठ्याने म्हणाले, “आम्ही पाहिलं,” आणि परत बसले.

बाहेर पुलाजवळ वसाहतीची बस उभी होती. सोखनाने माझा हात सोडला नाही.

“चल माझ्याबरोबर,” ती म्हणाली. “दोन खोल्या आहेत. एक तुझी. भात मात्र मी करीन.”

वारा समुद्राकडून होता. आवाज स्पष्ट येत होता, अगदी आमच्या जुन्या उंबऱ्यावर येई तसा. मी थोडा वेळ उभी राहून ऐकला.

“मी येऊन राहिले,” मी म्हणाले, “तर पुन्हा तुझं अर्धं घर गायेंकडे.”

तिने तोंड वर केले आणि साऱ्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात, लाटेच्याही वर चढून, म्हणाली, “मासेक गाये, बिराहिम गाये, आलियून गाये, अरामे गाये! न्देलाचं सगळं पोचलं!”

मी बसमध्ये चढले.