टिकारामची बातमी

आमगावच्या विडी कारखान्यात शनिवारी पेपर वाचला जायचा. मांडीवर सुपं घेऊन बायामाणसं तेंदूच्या पानांच्या विड्या वळत बसायची आणि मधोमध बिसराम वाचायचा. त्याची मजुरी बुडू नये म्हणून जो तो आपल्या सुपातल्या थोड्या विड्या त्याच्या सुपात टाकी. चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या वर्गात तो अक्षरं शिकला होता. अजून ओळीवर बोट ठेवूनच वाचायचा, आणि बोट तोंडातल्या शब्दाच्या जरा पुढं असायचं.

त्या शनिवारी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेची बातमी आली होती.

“‘मंडईत जीपच्या धक्क्याने एक वृद्धा किंचित जखमी,’” बिसराम वाचू लागला. “‘गर्दीमुळे गाडी आवरता आली नाही. गाडी एका प्रतिष्ठित घराण्यातील तरुणाची असल्याचे समजते.’”

“किंचित?” सुमित्राबाई उसळली. “लाह्या विकनाऱ्या धनवंता बुढीचा पाय मोडला न बाप्पा! आनं त्या पोराले नाव नाही का? मिलवाल्या छोटेलाल शेठनं पोराच्या बारशाले गावजेवन देल्लं, तरी पेपरवाल्याले नाव आठवत नाही!”

सगळे हसले. हसता हसता बिसरामचं बोट खालच्या बातमीवर गेलं आणि थबकलं. ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘विडीमजूर टिकारामचा दारूच्या नशेत धिंगाणा’. खाली गावाचं नाव, बापाचं नाव, ‘निर्लज्ज’, आणि असल्या लोकांमुळे मंडईची अब्रू गेली म्हणून.

टिकाराम दारापाशी मान खाली घालून बसला होता. त्याच्या शेजारीच धुरपताबाई. आपल्या मुलासाठी, उदारामसाठी, तिनं टिकारामची मुलगी वच्छला पाहून ठेवली होती. मंगळवारी सुपारी फुटायची होती. वच्छलाला आई नव्हती. पोरीचं सोयरपण आता या चार ओळींवर येऊन अडलं होतं.

“काऊन थांबला गा?” कोणीतरी विचारलं.

बिसरामनं घसा खाकरला. “‘मंडईत... एका प्रतिष्ठित घराण्यातील गृहस्थ आनंदाच्या भरात दंडारीच्या मंचावर चढले आणि नाच्याबरोबर नाचले. मंच अरुंद असल्यामुळे... त्यांचा पाय घसरला.’”

कोणी हसलं नाही. मंचावरून कोण पडलं, हे निम्म्या लोकांना ठाऊक होतं. टिकारामच्या हातातलं पान फाटलं.

“बिसराम,” धुरपताबाई म्हणाली, “खोटं वाचून राहिला तू.”

“नाही जी, मावशी...”

“मले वाचता नाही येत, पर मी होती ना तेथी. हा टिकाराम मोहाची पिऊन होता. आनं मंच चांगला भला मोठा होता.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “नाव लपवाचं काम शेठचं. आपल्या मानसाचं कायले लपवून राहिला? वाच.”

बिसराम टिकारामकडं पाहू लागला. शेवटी टिकारामच म्हणाला, “वाच ना गा. प्यालोच होतो मी.”

मग बिसरामनं छापलं होतं तसं वाचलं, बापाच्या नावासकट, ‘निर्लज्ज’सकट.

“पुढं?” धुरपताबाईनं विचारलं.

“पुढं नाही. संपली बातमी.”

“संपली? जीप घुसली तवा शुद्धीतले सारे पळाले. ह्या पिलेल्यानं धनवंताले पाठीवर घेतलं न दवाखान्यात नेलं. रस्त्यात दोनदा ओकला, पर तिले खाली नाही ठेवलं. मी मागं लाह्याची टोपली घेऊन होती. ते नाही लिवलं?”

बिसरामनं उगाचच पान उलटून पाहिलं. “नाही जी.”

“मंग कायची बातमी ते!” ती टिकारामकडं वळली. “दारू सोडशील का गा?”

“सोडतो, बाई.”

“लबाड! मंगळवारी तरी पिऊ नोको.”

सगळा कारखाना हसला. टिकारामही हसू लागला, आणि मध्येच गमछ्यात तोंड घालून रडायला लागला. धुरपताबाईनं त्याला रडू दिलं. मग सूप पुन्हा मांडीवर घेत म्हणाली, “वच्छलाले सांगजो, पाहुन्यांचा सैपाक एकटीनं करू नोको म्हना. मी सकाळीच येईन. चूल मीच पेटवीन.”