जोडाखालचा कोंब

"करवत खाली ठेव, चोन," म्हणत अन्सेल्मो झाडाला पाठ लावून उभा राहिला.

चोनने करवत ठेवली नाही, नुसती खांद्यावर घेतली. साठ वर्षं संत्र्याच्या बागांतून छाटणी केलेला माणूस. आता म्हातारपणी दर फेब्रुवारीत गल्लीतल्या साऱ्या घरांची झाडं तो फुकटात छाटून देई. या वस्तीत घर घेतलं की झाडं पदरात पडतातच. शंभर वर्षांच्या बागा, एक झाड मोडायला परवानगी नाही, घरं आपली मधेमधे अंग चोरून बसलेली. पण अन्सेल्मोच्या फाटकातून मात्र चोन गेली सहा वर्षं हात हलवत परत जात होता.

"सकाळी तुझी पाण्याची पाळी होती. पाट मीच फोडला," चोन म्हणाला. "तेव्हा बुंध्याशी बघितलं. आज मी हलणार नाही."

"एल्विराच्या झाडाला लोखंड लागणार नाही. आणि आज तर नाहीच. आज तिला जाऊन सहा वर्षं होतात, दुपारी पोरगी यायचीय."

"अरे बाबा, एल्विराचं त्यात राहिलंय काय?"

अन्सेल्मोला राग आला. चाळीस वर्षं त्याने घरोघर टपाल वाटलं. झाडातलं जे काही कळे ते एल्विराला. बापाच्या बागेतल्या झाडाचा डोळा आणून स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हे कलम तिनेच बांधलेलं. ती गेली त्याच आठवड्यात बुंध्यातून एक हिरवागार कोंब सरळ वर आला होता. तो बघून अन्सेल्मो तिथेच मटकन बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मग त्याने कोंबाला काठीचा आधार दिला, वर लाल फीत बांधली. आज तो कोंब छपराच्याही वर गेला होता. बाकीचं झाड विरळ होत चाललं, ते वयोमानाने, असं तो धरून चालला होता.

चोन गुडघ्यांवर बसला. बुंध्याची ओली माती त्याने हाताने बाजूला केली.

"हा बघ जोड. याच्या वर एल्विराचं कलम. खाली नुसता खुंट, रानटी, आंबट. आता तुझा कोंब कुठून निघालाय तिथे बोट ठेव."

अन्सेल्मो वाकला. कोंब जोडाच्या चार बोटं खाली होता.

"खुंटाचा फुटवा वाढू दिला की वरचं उपाशी मरतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही..." चोनने जीभ चावली. मग वरच्या फांदीची साल नखाने खरवडून दाखवली. आत तपकिरी, कोरडं. दुसरी फांदी, तिसरी. तेच.

"पण फळं धरतायत ना!" अन्सेल्मोचा आवाज चढला. "दर वर्षी पोरगी खाते, पिशवी भरून घेऊन जाते!"

चोनने कोंबावरचं एक फळ तोडून चाकूने चिरलं. आत बियाच बिया. एल्विराच्या जातीच्या संत्र्याला बी नसतेच.

"चाख."

"मला चालत नाही. माहीत आहे तुला."

साऱ्या गल्लीलाच माहीत होतं. एल्विरा दवाखान्यात असताना तो ग्वादालुपेच्या मेरी माउलीला नवस बोलला होता, ही घरी येऊ दे, जन्मात संत्र्याला तोंड लावणार नाही. एल्विरा आली नाही. नवस त्याने तरी पाळला. पाद्री समजवायला आले तर त्यांनाच म्हणाला, माउलीने शब्द मोडला म्हणून मी मोडू काय?

चोनने फोड तोंडात टाकली आणि डोळे घट्ट मिटले.

"कडू जहर. तीन वर्षं तरी असंच येत असणार, गड्या."

तीन वर्षं! आईच्या शेवटच्या दिवसांवरून बापलेकीचं बिनसलं होतं. तिला मोठ्या दवाखान्यात हलव, असं ग्रासिएला परोपरीने सांगत होती, आणि अन्सेल्मोने ऐकलं नव्हतं. तेव्हापासून फोन नाही, सण नाही. वर्षातून एकदा, याच दिवशी, पाच तास गाडी हाकत ती येई, ती आईच्या झाडाची संत्री खायला. झाड आहे तोवर पोरगी येईल, एवढं एकच त्याला ठाऊक होतं. सोलून तोच द्यायचा. ती त्याच्याकडे पाठ करून मोरीशी उभी राहून खायची आणि म्हणायची, गोड आहे, पापा.

फाटकाशी गाडी थांबली. चोनने करवत उचलली.

"उद्या ये," अन्सेल्मो कसाबसा म्हणाला. "नक्की ये."

ग्रासिएला आत आली. आईच्या फोटोपुढे तिने झेंडू ठेवले, बापाच्या गालाला गाल लावल्यासारखं केलं.

"माझं संत्रं कुठाय?"

नाही म्हणावं तर ती आल्या पावली जाईल. तो सोलायला बसला. तिने संत्रं घेतलं आणि नेहमीसारखी मोरीकडे वळली. या खेपेस अन्सेल्मो उठला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिने मूठ आवळून घेतली होती. बोटांच्या फटीतून बिया दिसत होत्या. डोळ्यांत पाणी तरारलं होतं.

"गोड आहे, पापा," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

अन्सेल्मोने आपला तळवा तिच्या तोंडाखाली धरला.

"थुंक, बाळा. तुझ्या आईचं झाड मीच मारलं. थुंक ते."

तिने मान हलवली. घास गिळला. मग बाहीने डोळे पुसून तिने पुढची फोड तोंडात घातली.